फरशीखाली पाणी शिरलंय? गवंड्याला बोलावण्याआधी हे करा

हॉलच्या कोपऱ्यात दोन फरश्यांमधला सांधा काळपट पडला होता. सुरुवातीला दिसलं ते एवढंच. मी फिनेल टाकून पुसून घेतलं. दोन महिन्यांनी त्याच जागी पाय पडला की ‘टक्’ असा पोकळ आवाज यायला लागला आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या, वरचा रंग पापुद्रे धरून सुटला. मग गवंडी आला, सहा फरश्या बदलल्या, पैसे गेले. चार महिन्यांत नव्या फरश्यांची तीच गत झाली. पाणी येत होतं पलीकडच्या बाथरूममधून, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यातून. आम्ही मात्र हॉलची फरशी बदलत बसलो होतो.

पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. फरशीवरचं पाणी दिसतं म्हणून आपण ते पुसतो. नुकसान करतं ते फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या थरात बसलेलं पाणी, आणि ते दिसत नाही. म्हणून सगळ्या कामाचा क्रम त्या न दिसणाऱ्या पाण्यावरून ठरवायचा. पाणी यायची वाट बंद होत नाही आणि खालचा थर वाळत नाही, तोवर नवी फरशी बसवायची नाही.

पहिलं काम विजेचं

खोलीत पाणी साचलं असेल तर आत पाऊल टाकण्याआधी मेन स्विच बंद करा. तो कुठे आहे हे आजच बघून ठेवा. बऱ्याच इमारतींत फ्लॅटमधला डीबी (स्विचांची पेटी) वेगळा आणि तळमजल्यावरच्या मीटर रूममधला मेन स्विच वेगळा असतो. डीबीपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागणार असेल तर जाऊ नका, खालून बंद करा. मीटर रूममध्येच पाणी शिरलं असेल तर तिथे हात घालणं वीज कंपनीच्या माणसाचं काम आहे.

यात हमखास विसरतो तो इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी तो बॅटरीवरून घरात वीज पुरवत राहतो. त्याचा स्विच वेगळा बंद करावा लागतो.

काही घरांत वायरिंगचे पाइप फरशीखालून गेलेले असतात. फरशी ओली आहे आणि आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतोय, असं असेल तर तो इशारा समजा. त्याला बायपास करून देणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. सगळं वाळल्यावर मेगरने, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासून घ्या.

पाणी कुठून येतंय ते शोधा

यात घाई केली की पुढचा सगळा खर्च वाया जातो. चार-पाच दिवस लागले तरी लागू द्या.

आधी एक शंका दूर करा. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात मे-जूनच्या दमट हवेत तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो. गार फरशीवर हवेतलं बाष्प जमतं, बाकी काही नाही. घाम सगळ्या खोलीभर असतो आणि पंखा लावला की कमी होतो. गळती एका कोपऱ्यातून, एका भिंतीकडून पसरत जाते. तरीही खात्री नसेल तर दीड-दोन फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कागदाच्या वरच्या बाजूला ओल असेल तर ती हवेतली. खालच्या बाजूला थेंब जमले असतील तर पाणी फरशीखालून वर येतंय. कागद ठेवताना मधला एखादा सांधा त्याखाली येईल असं बघा, कारण ओल सांध्यातूनच वर येते.

गळतीच आहे असं ठरलं, तर ती कधी वाढते ते लिहून ठेवायला लागा. एका वहीत तारीख, किती ओल, आंघोळी झाल्या का, पाऊस होता का. चार दिवसांच्या अशा नोंदीतून अर्धं निदान होतं. दिवसरात्र सारखीच ओल असेल तर संशय पाणीपुरवठ्याच्या लाइनवर, कारण तिच्यात सतत दाब असतो. आंघोळ, धुणं-भांडी झाली की ओल वाढत असेल तर ड्रेनेजची लाइन किंवा बाथरूमची जमीन. फक्त पावसात येत असेल तर खिडकीची चौकट, बाल्कनी, बाहेरची भिंत किंवा गच्ची. पावसाचं पाणी भिंतीतून वाट काढत एक-दोन दिवस उशिराही पोचतं, त्यामुळे ‘आज तर पाऊसच नव्हता’ म्हणून ते कारण सोडून देऊ नका. बाल्कनीत मगभर पाणी ओतून ते कुठे धावतं तेही बघा. उतार हॉलच्या दिशेने असलेल्या बाल्कन्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पाणीपुरवठ्याच्या लाइनची परीक्षा सोपी आहे. रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचा कॉकसुद्धा. मीटरवरचा आकडा लिहा. सकाळी कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर लाइन गळतेय. फ्लॅटला स्वतंत्र मीटर नसेल तर आपल्या फ्लॅटचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह एक-दोन दिवस बंद ठेवून ओल कमी होते का ते बघावं लागेल. तेवढे दिवस बादल्या भरून ठेवा.

बाथरूमसाठी पाणी साठवून बघायचं. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, इंचभर पाणी साठवा, पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि चोवीस तास बाथरूम वापरू नका. पाणी थोडं उडून जातंच. पण पातळी ठळक खाली गेली, किंवा बाहेरच्या खोलीतली ओल वाढली, तर जमिनीतून पाणी झिरपतंय. पातळी जशीच्या तशी राहिली तर बोळा काढून ते पाणी एकदम सोडा. त्यानंतर ओल वाढली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपात. पाण्यात खायचा रंग घातला तर खालच्या मजल्यावरच्या छतावरूनही उत्तर मिळतं, मात्र त्या घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी केलेली असते. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी त्या भरावात तळ्यासारखं साठून राहतं. त्यामुळे सांधा दुरुस्त झाला तरी पुढचे काही आठवडे ओल येतच राहते. दुरुस्ती फसली असं समजून पुन्हा तोडफोड करू नका. ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. रेघ दर आठवड्याला मागे सरकत असेल तर काम बरोबर झालंय.

नोंद ठेवा, पैसे कुणाचे ते ठरवा

काही हलवण्याआधी फोटो काढा: सगळी खोली, मग जवळून फरशी, मग सामान.

सोसायटीत राहत असाल तर पत्र द्या आणि पोच घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून होणारी गळती, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक पाण्याच्या किंवा ड्रेनेजच्या लाइनची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती संबंधित सभासदाने. वरच्या मजल्यावरच्या काकांशी भांडण करण्याआधी वही आणि फोटो घेऊन त्यांच्याकडे चहाला जा. पाणी साठवून बघायची परीक्षा त्यांच्याच बाथरूममध्ये करायची असते आणि ती त्यांच्या मर्जीशिवाय होणार नाही.

घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळीकडे सारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं धरलेलं आहे. हळूहळू झिरपून आलेली ओल सहसा धरत नाहीत. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत उचकटलेल्या फरश्या फेकू नका. पुरात नुकसान झालं असेल तर पंचनामा होईपर्यंतही तेच.

आपली फरशी कोणती, त्यावर पुढचं ठरतं

विट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण यामुळेच खालचं पाणी वर उडून जायला फक्त सांधे उरतात आणि थर महिनोन् महिने ओला राहतो. टाइल वरून कोरडी, चकचकीत दिसते म्हणून फसू नका.

जुन्या घरांतली मोझॅक, कोटा आणि शहाबादी फरशी या बाबतीत बरी. ती पाणी पिते, डागाळते, पण वाळतेही. तिच्यावर पांढरी पूड येते, तो लोणा. पाण्याबरोबर वर आलेले क्षार आहेत ते. कोरड्या ब्रशने झाडून उचला. पाण्याने धुतलं तर ते विरघळून परत आत जातात. आणि इथे कळकळीची विनंती: कोटा, शहाबादी, मोझॅक, संगमरवर यांतल्या कशावरही ॲसिड टाकू नका. हे दगड चुनखडीच्या जातीचे, मोझॅकमध्येही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट. ॲसिड पडलं की फेस येतो तो घाण निघाल्याचा नसतो, दगड विरघळत असतो. पॉलिश कायमचं जातं. पूर्ण वाळल्यावर मशीनने पॉलिश करून घेतलं तर मोझॅकची फरशी पुष्कळदा नव्यासारखी होते, म्हणून ती काढायची घाई करू नका. पांढऱ्या संगमरवरावर आलेले पिवळे डाग मात्र खोलवरचे असतात, सगळे निघतीलच असं नाही.

लॅमिनेटचा नाद सोडा. आत लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असते. पाणी लागून कडा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत. फुगलेल्या फळ्या आणि त्यांच्याखालचा फोम काढून टाका. व्हिनाइलचे पट्टे खराब होत नाहीत, पण त्यांच्याखाली पाणी कोंडून बुरशी येते, म्हणून तेही उचलावे लागतात.

गावच्या घरात शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिची दुरुस्ती सगळ्यांत स्वस्त. भिजून लिबलिबीत झालेला वरचा थर खरवडून काढायचा, खालची माती कोरडी होऊ द्यायची, नवी माती घालून चोपायची, मग सारवायचं. उन्हं पडेपर्यंत थांबायचं मात्र.

ठोकून बघा, मग एकच फरशी काढा

स्क्रू ड्रायव्हरची मूठ किंवा काठी घेऊन प्रत्येक फरशी चार कोपऱ्यांत आणि मध्ये हलकी ठोका. भरीव आवाज म्हणजे खाली माल (वाळू-सिमेंट) चिकटलेला आहे. पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारा. सगळ्या फुल्या पडल्या की चित्र समोर येतं: त्या एका रांगेत असतील तर खालून पाइप जात असेल, एका भिंतीला धरून असतील तर पलीकडे बाथरूम असेल.

पोकळ वाजणारी प्रत्येक फरशी ओलीच असते असं नाही. काही कारागीर पाच ठिकाणी मालाचे गोळे ठेवून टाइल दाबून देतात, ती पहिल्या दिवसापासून पोकळ वाजते. म्हणून सगळी खोली उचकटायला निघालेल्या कंत्राटदाराला थांबवा आणि फुल्यांच्या मधोमध असलेली एकच फरशी काढायला सांगा. आधी चारही बाजूंचा सांधा कटरने कापायचा, नाहीतर छिन्नीचा धक्का शेजारच्या फरशीला बसून तीही तडकते. तो भाग विजेच्या पाइपावर येत नाही ना, हे आधी विचारा.

फरशी निघाली की खालचा माल हातात घ्या. मुठीत दाबून लाडू वळला तर थर ओला आहे. वळला नाही, भुगा होऊन पडला, तर तिथपर्यंत पाणी आलेलं नाही. असं फुल्यांच्या कडेकडेने बघत गेलं की नेमक्या किती फरश्या काढायच्या ते कळतं. काढलेल्या फरश्यांची पाठ घासून रांगेने ठेवा, तीच टाइल पुन्हा बाजारात मिळेल याचा भरवसा नाही.

वाळवणं: इथे सगळ्यांचा धीर सुटतो

सामान हलवा. कपाट हलत नसेल तर खाली विटा लावून उचलून घ्या. प्लायवूडचा तळ ओल्या फरशीला टेकला की पाणी वर ओढतो. सतरंज्या, पायपुसणी, सोफ्याखालची चटई, सगळं उचला.

मग हवा खेळती ठेवा. छताच्या पंख्यापेक्षा जमिनीलगत ठेवलेला टेबल फॅन जास्त उपयोगी पडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात का? मराठवाड्यात मार्चमध्ये, जरूर. मुंबईत जुलैमध्ये बाहेरचीच हवा ओली, ती आत घेऊन काय वाळणार? तेव्हा खोली बंद करून एसी ‘ड्राय’वर चालवा किंवा डिह्युमिडिफायर भाड्याने आणा. त्याच्या टाकीत रोज जमणारं पाणी मोजून ठेवा. ते कमी कमी होत गेलं की वाळतंय असं समजायचं. ऑक्टोबरच्या उन्हात काम काढता आलं तर त्यासारखं काही नाही.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवणारे लोक आहेत. कधीही करू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता माणूस मारतो. गॅसची शेगडीही नको, जळताना ती हवेत बाष्पच सोडते.

किती दिवस लागतील? काढलेल्या फरशीखालचा माल उकरून टाकला आणि स्लॅब उघडा पडला तर काही आठवड्यांत भागतं. फरश्या न काढता फक्त सांधे कापून वाळवायचं म्हटलं तर काही महिने. दिवस मोजण्यापेक्षा वर सांगितलेला प्लॅस्टिकचा कागद पुन्हा लावा. चोवीस तासांनी कागद खालून कोरडा निघाला, तोच मुहूर्त.

भिंतीवर किंवा स्कर्टिंगमागे बुरशी आली असेल तर कोरडी झाडू नका, तिचे कण खोलीभर उडतात. एन-९५ मास्क लावा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

पुराचं पाणी वेगळं असतं

माझी मावशी चिपळूणला राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तिच्या घरात पाणी उतरल्यावर घोट्याच्या वर चिखल उरला होता. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो तोवर निम्म्या खोल्यांतला चिखल आवळून आला होता आणि तो फावड्याने तासावा लागला. शेजाऱ्यांनी पाणी ओसरत असतानाच, त्याच पाण्यात खराट्याने चिखल हलवून बाहेर लोटला होता. त्यांची घरं एका दिवसात मोकळी झाली. म्हणून फोटो काढून झाले की चिखल ओला असतानाच काढा, आतल्या खोलीपासून दाराकडे.

गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय त्या चिखलात उतरू नका. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाच्या छोट्याशा जखमेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू शिरतात. नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

चिखल निघाल्यावर साबणाने धुवा आणि त्यानंतरच ब्लीचिंग पावडर वापरा. घाणीवर टाकलेली पावडर वाया जाते. १० लिटरच्या बादलीत साधारण १५० ग्रॅम ताजी पावडर कालवून निवळ द्या, वरचं पाणी फरशीवर पसरा, अर्धा तास ठेवा, धुऊन काढा. दारं-खिडक्या उघड्या हव्यात. ब्लीचिंगबरोबर संडास साफ करायचं ॲसिड किंवा ॲसिडवालं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाने बाथरूममध्ये ॲसिड टाकलं आणि दुसऱ्याने बाहेरून ब्लीचिंगचं पाणी लोटलं तरीही तेच होतं, म्हणून कोण काय वापरतंय ते एकमेकांना ओरडून सांगा. ड्रेनेज उलटं येऊन घरात पाणी भरलं असेल तरी हीच पद्धत.

आता फरशी बसवा

बाथरूम उघडलं असेल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, पुन्हा पाणी साठवून ठेवायला लावा, निदान २४ तास, जमल्यास ४८. कारागीर कंटाळा करतात. तुम्ही ऐकू नका. नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा सांधा स्वतः उभं राहून भरून घ्या, सगळा घोळ तिथेच होतो.

हॉल-बेडरूममध्ये कारागिराला तीन गोष्टी आधी सांगा. माल किंवा ॲडहेसिव्ह टाइलच्या पूर्ण पाठीला लागलं पाहिजे, गोळे ठेवायचे नाहीत. दोन टाइल्समध्ये स्पेसर (प्लॅस्टिकचे छोटे तुकडे) लावून फट ठेवायची. आणि भिंतीला टाइल टेकवायची नाही, तिथेही थोडी फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हाने फरशी प्रसरण पावते आणि जागा मिळाली नाही तर मधोमध तंबूसारखी उठते. सांधे लगेच भरू नका, निदान एक दिवस जाऊ द्या. बाथरूममध्ये सांधे भरायला एपॉक्सी ग्राउट (पाणी न पिणारा भराव) महाग पडला तरी तोच वापरा.

कोटेशन घेताना फरशी उचकटणं, डेब्रिज खाली नेणं, वॉटरप्रूफिंग, माल आणि मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. ‘सगळं मिळून एवढे’ म्हटलं की वॉटरप्रूफिंगच्या कोटांत काटछाट होते.

उरलेल्या चार-सहा टाइल्स माळ्यावर ठेवा, खोक्यासकट. खोक्यावर शेडचा आणि बॅचचा नंबर असतो. स्कर्टिंगवरची पेन्सिलची रेघही पुसू नका. पुढच्या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की चार दिवसांनी तिच्याजवळ बसून बघा, आणि काठीने पुन्हा एकदा ठोकून घ्या.